घटाजवळची हार्ड डिस्क

उचगावच्या त्या घरातून माझी वळकटी रस्त्यावर आली नाही, ती एका म्हाताऱ्या कंपोझिटरमुळं. हे आधीच लिहून टाकतो. पुढं मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे आणि त्या भरात उपकाराचं राहून जाईल. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. कोल्हापुरातल्या एका छापखान्यात त्यांनी उभा जन्म शिशाचे खिळे जुळवले, म्हणजे एकेक अक्षर चिमटीत धरून ओळी लावल्या. कॉम्प्युटर आले, खिळे भंगारात गेले आणि मामा सायकलवरून प्रूफं वाचत हिंडू लागले. बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, भांडायलाच आलेत. मला पहिल्या दिवशी 'पावणं' म्हणाले आणि शेवटपर्यंत 'पावणं'च म्हणाले.

मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सोडली आणि गावच्या एका माणसामागून शिरोली एमआयडीसीत आलो. फाउंड्रीत दीड वर्ष वाळू चाळली. छातीत वाळू बसली, बोलण्यातलं 'जी' मात्र गेलं नाही. "हो जी, नाही जी" म्हटलं की आजूबाजूचे हसायचे. "जी म्हणतंय बघ. नबाबाच्या घरचं हाय जणू!" मी उचगावात ज्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो त्या मालकांनी घरात कॉम्प्युटर आणला, आणि तो चालवायला घरात कुणाला येईना. मी संध्याकाळी दारात उभा राहून बघायचो. बघता बघता मराठी टायपिंग बोटात उतरलं. मग मालकांनी समोरच्या खोलीत लग्नपत्रिका, हस्तपत्रकं, अहवाल जुळवायचं काम सुरू केलं आणि मला त्या खुर्चीवर बसवलं. घरी पत्र लिहिलं, मी आता कॉम्प्युटरवर असतो. आईनं ते पत्र आजूबाजूच्या चार घरांत वाचून घेतलं असं नंतर कळलं. ती खुर्ची गेली असती तर पुन्हा वाळू. मला दुसरं काही येत नव्हतं आणि परत जायला तोंड नव्हतं. एवढीच माझी गोष्ट होती. बाकी सगळा लोकांचा शहाणपणा.

शहाणपणाची सुरुवात मालकांच्या साडूपासून होते. हे कबनूरचे. यंत्रमाग असलेल्या लोकांच्या ऑफिसांत कॉम्प्युटर जोडून द्यायचे. बोटात दोन अंगठ्या, कमरेला स्क्रू ड्रायव्हर. त्या वर्षी, दोन हजार तीन-चार असेल, आमच्या मशीनची जुनी हार्ड डिस्क एका सकाळी टकटक करत मेली आणि गणेश मंडळाचा, त्याच आठवड्यात जुळवलेला आणि शनिवारच्या सीडीवर अजून न उतरलेला अख्खा अहवाल घेऊन गेली. मंडळाच्या पोरांनी दारात येऊन मालकांची जी शोभा केली, ती गल्लीनं ऐकली. मालकांनी साडूंना बोलावलं.

साडूंनी मशीनमध्ये एक कार्ड बसवलं आणि ड्रॉवरसारखे दोन ट्रे लावले. दोन्ही ट्रेंत एकसारख्या डिस्क. किल्ली फिरवून ट्रे ओढला की डिस्क हातात. कॉम्प्युटर जे काही एका डिस्कवर लिहील तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिणार. याला मिररिंग म्हणायचं.

"एक मेली तर दुसरी जित्ती," साडू म्हणाले. "आता तुमाला मरान न्हाय."

"मग ते शनवारी सीडी करायलाय त्ये?" मालकांनी माझ्याकडं बोट करून विचारलं.

"कशाला? दोन बायका असताना शेजारणीचं पाय धरतोय व्हय कोण?"

मालक पोट धरून हसले. दर शनिवारी सगळं काम सीडीवर उतरवून ठेवायची माझी पद्धत त्या विनोदात संपली.

त्यानंतर महिनाभर घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते ट्रे दाखवणं सुरू झालं. पेंटवाला आला, दाखव ट्रे. लग्नाच्या याद्या घेऊन कुणी आलं, दाखव ट्रे. मालकांचं गावात पत्र्याचं आणि रंगाचं दुकान होतं. डब्याच्या आत काय आहे ते त्यांना दुकानातही कधी माहीत नसायचं, पण डबा वाजवून दाखवायची हौस दांडगी. "ह्यो आरसा हाय आरसा," ते म्हणायचे. "डेटा जाईलच कुठं?" डेटा हा शब्द त्यांनी साडूंकडून उचलला होता आणि तो ते असा उच्चारायचे, जणू घरात नवीन गाय आणली आहे.

आमच्याकडं प्रूफं वाचायला येणाऱ्या मामांनी एकदाच तो ट्रे ओढून पाहिला. "म्हंजे एकीवर चूक लिवली तर दुसरीबी चूकच लिवणार की," ते म्हणाले. "दाढी करताना कापलं तर आरशातलाबी कापतोय. आरसा काय मलम लावत न्हाय."

"मामा, तुमी कागदं बगा," मालक म्हणाले.

मामा कागदं बघत होतेच. त्यांचा एक नेम होता. पहिलं प्रूफ खोलीत बसून वाचायचे. दुरुस्त्या झाल्या की दुसरं प्रूफ छापून घेऊन घरी न्यायचे, खुणा करून आणायचे, आणि मी त्या खुणांप्रमाणं दुरुस्त केलं की तेच कागद परत पिशवीत घालून न्यायचे. पुस्तक बांधून हातात पडेपर्यंत प्रूफ फेकायचं नाही, हा त्यांच्या छापखान्याचा रिवाज. मालक त्यांना तोंडावर रद्दीवाले म्हणायचे. पहिल्या प्रुफांनी आमच्याकडे पाण्याचा बंब पेटायचा.

नवरात्राच्या तोंडावर एक मोठं काम आलं. जवळच्या एका हायस्कूलची स्मरणिका. माझ्यासारख्या शाळा टाकलेल्या माणसानं माजी मुख्याध्यापकांची भाषणं जुळवायची! एकेक लेख वाचून मला वाटे, आपण आठवीत निघालो ते बरंच झालं. प्रत्येक गुरुजी स्वतःचाच गौरव लिहीत होते, आणि प्रत्येकाला आपला हस्तलिखित लेख लगेच परत हवा होता. शाळेच्या समितीचा एक माणूस टाईप झालेल्या लेखांची हस्तलिखितं रोज गोळा करून न्यायचा. समिती दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सगळी पानं बघायला येणार होती.

आता अक्कांकडे यायला हवं. अक्का म्हणजे मालकीणबाई. सीमेजवळच्या माहेरच्या, घरात निम्मं कानडी बोलायच्या, मनानं चांगल्या, मला दोन वेळा भाकरी त्यांच्याच हातची. त्यांच्या सासऱ्यांचं पूर्वी धान्याचं दुकान होतं. दुकानात धान्य मोजायच्या दोन पायल्या असत. नवरात्रात एक पायली घटाजवळ ठेवायची, दुसरीनं धंदा करायचा. देवही बसतो, गिऱ्हाईकही थांबत नाही. दुकान गेलं, पायल्या मोडीत गेल्या, पण रीत अक्कांच्या डोक्यात बसलेली. घट बसायच्या सकाळी त्या ताम्हण घेऊन खोलीत आल्या.

"त्यातली एक काडून दे."

"काय जी?"

"दोन हायत न्हवं? एक द्येवाजवळ ठेवायची. पोट ज्याच्यावर हाय त्ये घटाजवळ ठेवायचं. दुसरीवर कर की तू काम."

मी मालकांकडं बघितलं. मालकांनी कबनूरला फोन लावला. साडू फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत की मला दारातून ऐकू आलं. "ठेवू द्या की! त्याच्यासाठीच दोन हायत!"

अशी आमची एक हार्ड डिस्क घटाजवळ बसली. तिला हळद-कुंकू लागलं, रोज एक झेंडूचं फूल, खाली तांदळाची रास. मी दुसऱ्या डिस्कवर काम करत राहिलो. रोज सकाळी मशीन सुरू केलं की ते टीं टीं करून ओरडायचं आणि पडद्यावर लाल इंग्रजी अक्षरं यायची. मला इंग्रजी अक्षरं लावून वाचता यायची, अर्थ लागायचा नाही. साडूंनी सांगितलं होतं, "वरडलं की बटन दाब, गप बसतंय." मी आठ दिवस बटण दाबलं. आठ दिवसांत सत्तेचाळीस पानं झाली, मामांच्या खुणांसकट दुरुस्त झाली, फोटोंखालची नावं बसली. घटाजवळच्या डिस्कला यातलं काही माहीत नव्हतं. ती देवाची झाली होती.

खंडेनवमीला मशीन बंद. त्या दिवशी अक्कांनी दुसरीही डिस्क काढून मागितली. बरोबरच आहे, जिनं आठ दिवस राबायचं तिलाच पूजा नाही, असं कसं? पाटावर कोयता, अडकित्ता, मालकांच्या दुकानातली पत्रा कापायची कातर आणि दोन्ही डिस्क शेजारीशेजारी. दोघींना सारखं कुंकू, सारखी हळद, सारखं फूल. त्या क्षणापर्यंत कुंकू लागलेली ती देवाची आणि कोरी ती कामाची, एवढी साधी खूण होती. अक्कांनी ती अंगठ्यानं पुसून टाकली, आणि मी समोर हात जोडून उभा होतो. माझ्याही मनात आलं नाही की मागं कागदाचा एखादा तुकडा चिकटवावा. दुसऱ्यांना नावं ठेवताना हे लपवून चालणार नाही.

दसऱ्याला साडू जेवायला आले. पुरणपोळ्या झाल्या, पान झालं आणि मालक म्हणाले, "पावणं, तेवढा आरसा जोडून द्या." साडू पाटाजवळ वाकले, दोन्ही डिस्क उचलल्या आणि एकेका हातात धरून वजन केल्यासारख्या हलवल्या.

"यातली द्येवाची कुठली?" मालकांनी विचारलं.

"मिरर हाय ओ. दोनी सारख्याच. कुठलीबी कुठंबी घाला."

मला शास्त्र येत नव्हतं, पण एवढं कळत होतं की जिनं आठ दिवस तांदूळ बघितले आणि जिनं स्मरणिका बघितली त्या दोघी सारख्या कशा? धीर करून म्हणालो, "मालक, आठ दिवस एकीवरच काम झालं जी. दुसरीवर ते नसंल."

साडूंनी माझ्याकडं न बघताच विचारलं, "कितवी शिकलायस रं?"

"आठवी जी."

"आठवी. आन मी हितं काय गवात उपटायला आलोय व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. आजही मला राग येतो तो त्या हसण्याचा. साडूंनी ट्रे ढकलले, मशीन टीं टीं ओरडलं, पडद्यावर एक चौकट आली. कुठल्या डिस्कवरचं कुठल्या डिस्कवर उतरवायचं, असं ती विचारत होती. हे मला फार नंतर कळलं. साडूंनी न वाचता एंटर मारला. एक पट्टी हळूहळू भरू लागली. साडू सतरंजीवर आडवे झाले, मालक सोनं वाटायला गावात गेले. दीड तास मी त्या पट्टीसमोर बसलो होतो. पट्टी भरली, साडू उठले, ढेकर दिला, "झालं बघ आरशागत," म्हणाले आणि कबनूरला गेले.

मी स्मरणिका उघडली. घट बसायच्या आदल्या दिवशी जिथं थांबलो होतो तिथंच ती थांबली होती. शेवटच्या लेखात मुख्याध्यापक अजून रुजूच झाले नव्हते. दुसरा ट्रे काढून पहिल्यावर मशीन चालवलं. तेच. आणि ते तसंच असणार होतं. आरशानं आपलं काम चोख केलं होतं. घटाजवळच्या डिस्कवरचं जुनंपुराणं सगळं त्यानं कामाच्या डिस्कवर इमानेइतबारे उतरवलं होतं. आता दोन्हींवर सारखंच होतं, म्हणजे काहीच नव्हतं.

मालक आले तेव्हा मी सांगितलं. त्यांनी आधी आपट्याची पानं देवाजवळ ठेवली आणि मग आवाज चढवला. साडूंना दोष देणं शक्य नव्हतं, अक्का चुलीपाशी उभ्या होत्या. देवाला दोष देणं त्याहून शक्य नव्हतं. उरलो मी.

"तूच कायतरी पुसलंयस."

"नाही जी."

"मग दोन दोन डिस्का असताना जातंय कसं? आँ? चौथ्या दिवशी लोकं येत्यात. पानं दिसली न्हाईत तर वळकटी बांध आन जा शिरोलीला. मंडळाच्या पोरांनी एकदा घातल्या तेवढ्या शिव्या बास झाल्या मला."

अक्का हळूच म्हणाल्या, "पोराला आसं बोलू नका सणाचं." पण घटाजवळची डिस्क हे कारण असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मी सांगितलंही नाही. ज्या हातची भाकरी खातो त्या हाताला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा सायकलवरून आले. माझं तोंड बघून त्यांनी सायकल स्टँडला न लावता भिंतीला टेकवली. मी सगळं सांगितलं: घट, कुंकू, एंटर. ऐकताना ते एकदाही 'अरेरे' म्हणाले नाहीत. शेवटी एवढंच बोलले, "खिळं जुळवलेली फ्रेम आमी कवा पाटावर मांडून पुजली न्हवती. पुजायची ती छापायची मशीन. अकलंला आवशीद न्हाय पावणं." आणि आल्या पावली परत गेले.

मला वाटलं, संपलं. तासाभरात ते पुन्हा आले. पिशवीत सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता. आठ दिवसांची सगळी दुसरी प्रूफं, लाल शाईच्या खुणांसकट, पानांच्या क्रमानं लावलेली.

"बस," ते म्हणाले. "मी वाचतो, तू बडव."

"मामा, मी बघून टाईप करतो जी. तुम्ही कशाला..."

"बगून केलंस तर मान वर-खाली, ओळ चुकणार. कंपोझला वाचून दाखवत्यात तसंच करू. हात चालव."

तीन दिवस ते सकाळी येत आणि दिवेलागणीपर्यंत वाचत. 'स्वल्पविराम', 'पूर्णविराम', 'नवा परिच्छेद' हेही मोठ्यानं. मध्येच गुरुजींची टिंगल. "'विद्यार्थ्यांच्या गळ्यातला ताईत', स्वल्पविराम. ताईत व्हय! ह्या मास्तरानं माज्या भाच्याला छडीनं फोडलंता. पूर्णविराम." मला हसू यायचं आणि बोटं थांबायची, मग ओरडायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा घसा बसला. अक्कांनी सुंठ घातलेलं दूध दिलं, ते पिऊन परत वाचायला लागले. एकदा मी विचारलं, तुम्ही किती शिकलात? "चौथी. आठवीवाल्यानं मला शिकवू नये," म्हणाले. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आठवी ही सांगण्यासारखी गोष्ट असू शकते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्तेचाळिसावं पान झालं. मी सगळं सीडीवर उतरवलं, दोन सीडी केल्या, आणि एक मामांच्या पिशवीत घातली.

चौथ्या दिवशी समिती आली. पानं बघितली, खूश झाली. एकानं विचारलं, तुमच्याकडं मागं मंडळाचं काम उडालं होतं म्हणे? मालक उठले. मला वाटलं, आता निदान मामांचं नाव घेतील. त्यांनी किल्ली फिरवली आणि ट्रे ओढून दाखवला. कुंकू अजून तसंच होतं.

"म्हनूनच दोन बसवल्या की! आता जग बुडालं तरी डेटा ऱ्हातोय."

समितीनं माना डोलावल्या. मामा कोपऱ्यात बसून चष्मा पुसत होते. ते काही बोलले नाहीत, कारण बोलले असते तर पानं उडाल्याचं खापर माझ्यावरच फुटलं असतं. मी काही बोललो नाही, कारण मी भित्रा. स्मरणिकेच्या आभाराच्या पानावर मालकांनी स्वतःचं नाव ठळक घालायला लावलं, त्याखाली साडूंचं, 'तांत्रिक साहाय्य'. ते पान मीच जुळवलं. मामांचं नाव घालू का, असं विचारायलाही माझी जीभ उचलली नाही.

पुढच्या वर्षी मालकांनी मामांना यायला नको म्हणून सांगितलं. आता पडद्यावरच वाचता येतं, कागद कशाला नासायचा? मी त्याच खुर्चीवर बसलो होतो. मामांनी पिशवी हँडलला लावली आणि मला म्हणाले, "पावणं, सीडी करत जावा." मी "हो जी" म्हणालो. दुसरं काय म्हणायला हवं होतं ते मला सायकल वळल्यावर सुचलं.

ते घर मी नंतर सोडलं. आता कोल्हापुरात दुसऱ्याच्याच मशीनवर बसतो, गोंदियाला वर्षातून एकदा जातो. आरशावर विश्वास ठेवणारे इथंही भेटतात. दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त झोपतात, आणि एकीवर फाईल पुसली की दुसरीवर शोधायला धावतात. त्यांना मी काही सांगत नाही. माझी सीडी मी करतो, माझे कागद मी बांधून ठेवतो. मामा आता घरीच असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण बारीक अक्षर लागत नाही. मागल्या महिन्यात भेटलो तेव्हा मी पुन्हा त्या तीन दिवसांचा विषय काढला, तर म्हणाले, "कवाचं काय घेऊन बसलायस? मास्तरं लई बोअर हुती एवढं ध्यानात हाय."

मामा, तुमच्या ध्यानात नसू दे. माझं स्वतःचं मशीन एक दिवस होईल. त्यावर पहिलं जे पुस्तक जुळवीन, त्याचं प्रूफ मोठ्या अक्षरात, कागदावर काढीन, आणि तुम्हाला न्यायला मी स्वतः येईन. त्या पुस्तकाच्या आभाराच्या पानावर पहिलं नाव कुणाचं घालायचं, हे मी कुठल्याच मालकाला विचारणार नाही.